एकट्या आईचं हक्काचं घर: आधी कागद, मग कर्ज

दर जूनमध्ये वर्ग सुरू झाला की मी मुलांच्या पालकांचे पत्ते तपासून घेते. उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते, वर्गशिक्षिकाही आहे, त्यामुळे हे काम माझ्याकडेच असतं. मागच्या वर्षी सहावीतल्या एका मुलीची आई आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, पत्ता फिर बदला है." चार वर्षांतला तो चौथा पत्ता होता. सदर बाजार, मग यादवनगर, मग राजारामपुरीच्या मागची एक खोली आणि आता उचगाव. दर अकरा महिन्यांनी करार संपतो, भाडं वाढतं, डिपॉझिटसाठी कुणाकडे तरी हात पसरावा लागतो. वर प्रत्येक घरमालकाचा एकच सवाल असतो, "घरात पुरुष कोण आहे?"

ही आई शिवणकाम करते, दुपारी एका दवाखान्यात मदतनीस म्हणून जाते. नवरा वारला त्याला सहा वर्षं झाली. तिने विचारलं, "मॅडम, आमच्यासारख्यांना घरासाठी सरकारचं काही मिळतं का?"

मिळतं. पण तिच्याबरोबर दोन-चार कार्यालयांच्या पायऱ्या चढल्यावर एक गोष्ट कळली. एकट्या आईचं घर बहुतेक वेळा कागदावर अडतं. पैसा कमी असतो हे खरंच, पण कागद नसेल तर हाताशी असलेला पैसा आणि हक्कही मिळत नाही. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. आधी तुमचा कागद, मग सासर-माहेरचा हक्क, मग सरकारी अनुदान आणि सगळ्यात शेवटी कर्ज. आपल्यातल्या बऱ्याच भगिनी नेमकं उलटं करतात. आधी प्लॉटवाल्याला बयाणा देतात आणि कागद नंतर बघतात.

कागदावर तुम्ही कोण आहात?

सरकारी योजनांत 'कुटुंब' म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. भारतात कुठेही त्या कुटुंबातल्या कुणाच्या नावावर पक्कं घर असता कामा नये, ही पहिली अट. आता ज्या बाईला नवऱ्याने टाकलं आहे पण तसा कागद नाही, तिचा विचार करा. कागदावर ती अजून त्याचीच बायको आहे. त्याच्या नावावर पक्कं घर असेल तर तिचा अर्ज तिथेच अडकू शकतो.

म्हणून तीन वेगवेगळ्या परिस्थितींत काय करायचं ते पाहू.

बेवा असाल तर नवऱ्याचा मृत्यू दाखला, तुमचा निकाहनामा, मुलांचे जन्म दाखले आणि सगळ्यांची आधार कार्डं एका फाइलीत लावा. आधारवरचं नाव, निकाहनाम्यातलं नाव आणि बँकेतलं नाव एकच आहे का ते पाहा. आपल्याकडे 'शेख', 'बागवान', 'मुल्ला' कधी पुढे लागतं, कधी मागे, कधी गायबच होतं. माहेरचं नाव एका ठिकाणी, सासरचं दुसऱ्या ठिकाणी. ही दुरुस्ती आधी करून घ्या.

तलाक किंवा खुला झाला असेल तर जमातीचं किंवा काझीसाहेबांचं पत्र जपून ठेवा, पण त्यावरच विसंबू नका. बँक आणि सरकारी कार्यालयं बहुधा कोर्टाचा कागद मागतात. कौटुंबिक न्यायालयात आपल्या वैवाहिक स्थितीबद्दल निर्णय मागता येतो. आणि एक लक्षात ठेवा, एका दमात दिलेले तीन तलाक २०१९ च्या कायद्याने रद्दबातल आहेत. म्हणजे नवरा "दिली तलाक" म्हणून निघून गेला असेल तरी कायद्याच्या नजरेत निकाह अजून शाबूत आहे.

नवरा निघून गेला आणि काही पत्ताच नाही, अशा भगिनींसाठी १९३९ चा मुस्लिम विवाह विच्छेदन कायदा आहे. नवऱ्याचा चार वर्षं ठावठिकाणा नसेल किंवा त्याने दोन वर्षं खर्चपाणी दिलं नसेल, तर या कायद्याखाली बायकोला कोर्टाकडून निकाह मोडून घेता येतो. हा कायदा शहाऐंशी वर्षांहून जुना आहे, तरी कित्येकींना तो माहीतच नसतो.

वकिलाची फी कुठून आणायची, हा पुढचा प्रश्न. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तिथे साधा अर्ज द्यायचा. ही मेहेरबानी नाही, कायद्याने दिलेला हक्क आहे.

सासरच्या घरात तुमचा वाटा किती?

नवीन घर शोधण्याआधी जुन्या घरातला आपला हक्क तपासा. आपल्या मोहल्ल्यांत याबद्दल बोलायला लोक संकोचतात. बेवा बाईने वाट्याचं नाव काढलं की "अभी से?" असं ऐकावं लागतं. पण वारसा हा कुरआनने ठरवून दिलेला हिस्सा आहे, तो मागण्यात लाज कसली?

क्रम असा आहे. मयताच्या मालमत्तेतून आधी दफन-कफनाचा खर्च, मग कर्ज, मग असेल तर वसीयत (जास्तीत जास्त एक तृतीयांश), आणि उरलेलं वारसांना. यातल्या 'कर्ज' या शब्दाकडे नीट पाहा. न दिलेली मेहर हे नवऱ्यावरचं कर्जच आहे. वाटणीच्या आधी ती बायकोला मिळायला हवी. निकाहनाम्यात मेहर किती लिहिली आहे आणि ती 'अदा' झाली का 'बाकी' आहे, ते आजच काढून पाहा.

मग वारसा. मुलं असतील तर बेवेला आठवा हिस्सा, नसतील तर चौथा. मुलाला मुलीच्या दुप्पट. नवऱ्याचे आईवडील हयात असतील तर त्यांनाही प्रत्येकी सहावा हिस्सा.

ज्या बहिणींना फक्त मुलीच आहेत, त्यांनी हा हिशेब जरूर समजून घ्यावा. समजा नवरा मागे बायको, दोन मुली आणि एक सख्खा भाऊ सोडून गेला, आईवडील आधीच वारले. घराचे २४ भाग करा. बायकोचे ३, दोन मुलींचे मिळून १६ आणि उरलेले ५ दिराचे. "घर तर माझ्या नवऱ्याचंच होतं, मग सगळं माझं" असं समजून पुढे गेलात तर विक्रीच्या वेळी किंवा कर्जाच्या वेळी दिराची सही लागतेच. दीर मोठ्या मनाचा असेल तर तो आपला हिस्सा हक्कसोड पत्राने सोडू शकतो. ते पत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलंच हवं. तोंडी "मुझे कुछ नहीं चाहिए" याला कार्यालयात किंमत नाही.

दुसरी गोष्ट अल्पवयीन मुलांच्या हिश्शाची. आपल्या व्यक्तिगत कायद्यात मुलांच्या मालमत्तेची कायदेशीर पालक आई आपोआप होत नाही. त्यामुळे मुलांचा हिस्सा विकायचा असेल, तो विकून दुसरं घर घ्यायचं असलं तरी, १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयाकडून पालक म्हणून नेमणूक आणि विक्रीची परवानगी घ्यावी लागते. याला वेळ लागतो. म्हणून ज्यांना जुनं घर विकायचं आहे त्यांनी गिऱ्हाईक बघण्याआधी हा अर्ज करावा.

आणि तिसरी, सगळ्यात कठीण गोष्ट. मुलगा बापाच्या आधी वारला आणि घर अजून बापाच्याच नावावर असेल, तर? आजोबा वारल्यावर त्यांचा दुसरा मुलगा हयात असेल तर त्या यतीम नातवंडांना वारसा म्हणून काही मिळत नाही. सुनेलाही नाही. वर्षानुवर्षं त्या घरात राहिलेली बाई एका दिवसात 'पाहुणी' होते. यावर उपाय आहे, पण तो आजोबांच्या हयातीतच करायचा असतो. आजोबा एक तृतीयांशापर्यंत नातवंडांच्या किंवा सुनेच्या नावे वसीयत करू शकतात. किंवा हयातीतच घराचा एक भाग हिबा, म्हणजे बक्षीस, करून देऊ शकतात. हिबा पुरा व्हायला देणाऱ्याचा इरादा, घेणाऱ्याची कबुली आणि ताबा, तिन्ही लागतात.

महाराष्ट्रात राहतं घर मुलगा, मुलगी, नातू, नात, नवरा, बायको किंवा मयत मुलाच्या बायकोला बक्षीस दिलं, तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. कायद्यात 'मयत मुलाची पत्नी' असा स्पष्ट उल्लेख आहे. स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च किती, तो निबंधक कार्यालयात विचारून घ्या. घरातल्या बुजुर्गांनो, हा लेख तुम्ही वाचत असाल तर एवढंच म्हणेन, एक खोली आणि दोनशे रुपयांचा कागद यतीम नातवंडांचा आसरा पक्का करू शकतो.

हक्क ठरला की वारस नोंद लावा. शहरात सिटी सर्व्हे कार्यालयात मिळकत पत्रिकेवर, गावात तलाठ्याकडे सातबाऱ्यावर आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर. घरफाळ्याची पावती तुमच्या नावाने येते म्हणजे घर तुमचं झालं, असं नाही. घरफाळा हा कर आहे, मालकीचा पुरावा नाही.

जागा आहे, घर पडकं आहे

ज्यांची वारस नोंद झाली आणि नावावर थोडी जागा किंवा कच्चं घर आहे, त्यांच्यासाठी सगळ्यात सोपी वाट प्रधानमंत्री आवास योजनेची. शहरी भागासाठी तिचा दुसरा टप्पा १ सप्टेंबर २०२४ पासून सुरू झाला. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत असेल तर स्वतःच्या जागेवर घर बांधायला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा किमान एक लाख, असे मिळून अडीच लाखांचं अनुदान मिळतं. हे कर्ज नाही, परत करायचं नाही. रक्कम एकदम हातात येत नाही. पाया, भिंती, स्लॅब अशी कामं पुढे सरकतील तसे फोटो घेतले जातात आणि हप्ते आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होतात. म्हणून पहिल्या टप्प्यापुरता पैसा जवळ ठेवूनच काम सुरू करा, नाहीतर अर्ध्या भिंतींवर पावसाळा येतो.

या योजनेत बेवा, एकट्या स्त्रिया, अपंग, ज्येष्ठ नागरिक, अनुसूचित जाती-जमाती आणि अल्पसंख्याक यांना प्राधान्य देण्याचं मार्गदर्शक सूचनांत लिहिलं आहे. तुम्ही एकट्या आहात आणि अल्पसंख्याकही आहात. अर्जात या दोन्ही रकान्यांवर खूण करायला विसरू नका. मी पाहिलेल्या एका अर्जात सायबर कॅफेवाल्याने घाईत 'विवाहित' लिहून टाकलं होतं. अर्ज भरून झाला की छापील प्रत घ्या आणि एकदा स्वतः वाचा, नाहीतर आपल्या शाळकरी मुलीला वाचायला सांगा.

अर्ज ऑनलाइन भरता येतो, महापालिकेच्या आवास योजना कक्षातही चौकशी करता येते. लागणारे कागद असे: सगळ्यांचं आधार, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक, जागेचा कागद आणि पक्कं घर नसल्याचं प्रतिज्ञापत्र. मागच्या वीस वर्षांत कुठल्याही सरकारी घरकुल योजनेचा फायदा घेतलेला नसावा.

गावात राहणाऱ्यांसाठी वेगळी ग्रामीण योजना आहे. तिच्यात सपाट भागासाठी १ लाख २० हजार रुपये मिळतात आणि २०२५ मध्ये राज्य सरकारने त्यात ५० हजारांची वाढ जाहीर केली. रोजगार हमीची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार वेगळे. घरात सोळा ते एकोणसाठ वयाचा एकही पुरुष नाही, अशी बाईने चालवलेली कुटुंबं यात अग्रक्रमात येतात. जागाच नसेल तर जागा खरेदीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची राज्याची योजना आहे. ग्रामसभेत यादी वाचली जाते तेव्हा हजर राहा. आपल्या बायका ग्रामसभेला जात नाहीत आणि मग यादीत नाव नाही म्हणून रडतात.

जागा नाही, फ्लॅट घ्यायचा आहे

इथे दोन वाटा आहेत. पहिली म्हाडाची सोडत. कोल्हापूर जिल्हा म्हाडाच्या पुणे मंडळात येतो. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूरची घरं त्याच मंडळाच्या जाहिरातीत निघतात. अर्ज ऑनलाइन असतो, अनामत रक्कम भरावी लागते आणि नंबर लागला नाही तर ती परत मिळते. अधिवास दाखला, उत्पन्नाचा पुरावा, पॅन आणि आधार आधीच तयार ठेवा, कारण जाहिरात आल्यावर दाखले काढायला धावलं तर मुदत निघून जाते. "म्हाडात आपली ओळख आहे, एवढे द्या, घर पक्कं" म्हणणारा कुणी भेटला तर तिथूनच सलाम करून निघा. सोडत संगणकावर होते आणि म्हाडाने एकही एजंट नेमलेला नाही.

दुसरी वाट खासगी फ्लॅटची. इथे आवास योजनेचं व्याज अनुदान मिळू शकतं. वार्षिक उत्पन्न नऊ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असेल, तर पहिल्या आठ लाखांच्या कर्जावर ४ टक्के व्याज सवलत आहे. एकूण फायदा जास्तीत जास्त १ लाख ८० हजार. तो पाच वार्षिक हप्त्यांत कर्जखात्यात जमा होतो. कर्ज १ सप्टेंबर २०२४ नंतर मंजूर झालेलं हवं.

मुद्रांक शुल्कातही एक सवलत आहे. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर शुल्क १ टक्का कमी लागतं. १५ लाखांच्या घरावर हे १५ हजार रुपये झाले. भाऊ किंवा मुलगा यांचं नाव सोबत लावलंत की सवलत जाते. "आमच्या नावासोबत भाईचं नाव असू दे, आधार राहतो" असं माहेरचे म्हणतात. त्यांची नीयत चांगलीच असेल. पण नाव लागलं की हिस्साही लागतो आणि उद्या भावाच्या वारसांचाही लागतो. घर तुमच्या कमाईचं असेल तर नाव तुमचंच असू द्या.

हिशेब: महिन्याला किती झेपेल?

आता खरे आकडे मांडू. एखाद्या बाईची महिन्याची कमाई १८ हजार आहे. आठ लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज, २० वर्षं मुदत धरली तर हप्ता सुमारे ७,२०० रुपये बसतो. २० वर्षांत बँकेला साधारण सव्वासतरा लाख जातात. म्हणजे आठ लाखांवर नऊ लाखांहून जास्त व्याज. हप्ता कमाईच्या ४० टक्के होतो आणि त्यापलीकडे जाऊ नये. मुलांची फी, दवाखाना आणि शिलाई मशीन बंद पडलेला महिना, हे सगळं उरलेल्या पैशांत बसवायचं आहे.

घराची किंमत १५ लाख असेल तर बँक जास्तीत जास्त ९० टक्के देऊ शकते, पण १८ हजारांच्या कमाईवर साडेतेरा लाखांचा बारा हजारांचा हप्ता झेपणार नाही. म्हणजे आठ लाख कर्ज आणि सात लाख स्वतःचे, शिवाय मुद्रांक शुल्क आणि एक टक्का नोंदणी फी. सात लाख कुठून आणायचे?

बऱ्याचदा ते नवऱ्याच्या नावावर पडून असतात. नवरा शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात कामाला होता आणि पीएफ कापला जात होता, तर नोकरीत असताना मृत्यू झाल्यावर पीएफची रक्कम, बेवेची पेन्शन आणि विमा, असे तीन दावे करता येतात. हा विमा कामगाराच्या पगारातून कापत नाहीत, मालक भरतो, त्यामुळे घरच्यांना माहीतही नसतो. त्याची कमाल रक्कम सात लाख रुपये आहे. बँक खात्यातून वर्षाला ४३६ रुपये कापले जात असतील तर तो जीवन ज्योती विमा, दोन लाखांचा. वीस रुपये कापले जात असतील तर तो अपघात विमा. नवऱ्याचं जुनं पासबुक काढून एकेक नोंद वाचा. माझ्या ओळखीतल्या एका बाईला पासबुकातल्या एका ओळीमुळे विम्याचा पत्ता लागला.

बाकी भिशी, सोनं आणि नातेवाइकांचं कर्ज-ए-हसना. कर्ज-ए-हसना असलं तरी लिहून घ्या, लिहून द्या. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद कुरआनातच आहे.

व्याजाच्या मसल्यावर मी फतवा देणार नाही, तो माझा अधिकार नाही. ज्यांना व्याजाचं कर्ज नको आहे त्यांच्यासाठी एवढं सांगते की अनुदानाची वाट आणि वारशाची वाट, दोन्हींत व्याज नाही. म्हणून तर त्या आधी सांगितल्या. बाकी आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारा, पण विचारताना भाडं, करार आणि मुलांची परिस्थिती सगळी त्यांच्यासमोर ठेवा.

स्वस्त प्लॉटचा सापळा

"एक गुंठा, फक्त तीन लाख, आजच बयाणा." उपनगरांत अशा पाट्या दिसतात. शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी करून दिलेला कागद म्हणजे खरेदीखत नाही. जमिनीची मालकी नोंदणीकृत खरेदीखतानेच येते. शेतजमीन तुकडे पाडून विकलेली असेल तर ती गुंठेवारीत नियमित झाली आहे का ते विचारा. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी नियमित करता येते. त्यानंतरच्या तुकड्याला तो आधार नाही. अशा प्लॉटवर बांधकाम परवाना मिळत नाही, बँक कर्ज देत नाही आणि आवास योजनेचं अनुदानही अडतं. महापालिकेच्या हद्दीबाहेर जागा असेल तर बांधकाम परवान्यासाठी प्राधिकरणाकडे विचारा. भोवतालच्या ४२ गावांसाठी ते २०१७ साली स्थापन झालं आहे.

कोल्हापुरात आणखी एक गोष्ट तपासलीच पाहिजे, ती पूररेषा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांवर गेली, २०२१ च्या जुलैमध्ये ५६ फुटांवर. धोका पातळी आहे ४३ फूट. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते आणि निळ्या-लाल रेषांमध्ये निर्बंध असतात. घर स्वस्त का मिळतंय, याचं उत्तर कधी कधी भिंतीवरच्या पाण्याच्या डागांत असतं. शेजाऱ्यांना विचारा, "एकोणीसला पाणी कुठवर आलं होतं?" एजंटाला विचारू नका.

नवीन इमारतीतला फ्लॅट असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक बघा. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, असा कायदा आहे. किंमत चटई क्षेत्रावर ठरवा. पैसे चेकने किंवा बँकेतून द्या.

एकट्या वडिलांसाठी

आई नसलेली मुलं सांभाळणारे वडीलही आपल्यात आहेत. त्यांना स्त्रियांसाठीची मुद्रांक सवलत नाही, पण बाकी बहुतेक वाट तीच आहे. फक्त एक लक्षात ठेवा. मयत बायकोच्या नावावर काही असेल तर मुलं असताना नवऱ्याचा चौथा हिस्सा, बाकी मुलांचा आणि तिचे आईवडील असतील तर त्यांचा. मुलांचा हिस्सा ही अमानत आहे.

मोहल्ल्याने काय करावं?

१९०६ साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी संस्था उभी केली, बोर्डिंग काढलं. गावाकडच्या मुलाला शहरात डोक्यावर छप्पर मिळालं तरच तो शिकेल, हे त्यांनी ओळखलं होतं. आज तीच गोष्ट एकट्या आईच्या मुलांना लागू आहे. दर वर्षी पत्ता बदलणाऱ्या मुलाची शाळा सुटते, रेशन कार्ड एका वॉर्डात राहतं, स्कॉलरशिपची पत्रं जुन्या पत्त्यावर जातात. हे मी वर्गात रोज बघते.

आपल्या जमातींत शिकलेली मुलं आहेत, वकील आहेत, निवृत्त तलाठी आणि बँकवाले आहेत. महिन्यातून एका रविवारी मशिदीजवळच्या हॉलमध्ये दोन तास बसून फाइली तपासल्या तरी वीस घरांचं काम पुढे सरकेल. यात चंदा लागत नाही, फक्त वेळ लागतो.

सुरुवातीला ज्या आईचं सांगितलं, तिचं घर अजून झालेलं नाही. सासरच्या घरात तिच्या नवऱ्याचा हिस्सा आहे, हे तिला पहिल्यांदाच कळलं. मेहर 'बाकी' असल्याचं निकाहनाम्यात निघालं. वारस नोंदीचा अर्ज दिला आहे, दिरांशी बोलणं चालू आहे, मोफत वकील मिळाला आहे. या जूनमध्ये ती आली तेव्हा मी वहीत पत्ता लिहायला पेन काढलं. ती म्हणाली, "अभी उचगावच लिखो मॅडम." मग हातातली प्लास्टिकची फाइल तिने टेबलावर ठेवली. तिच्यात सगळे कागद क्रमाने लावलेले होते. वर तिच्या मुलीच्या अक्षरात नाव होतं, आईचं.